रेघ सगळ्यात शेवटी

८ जानेवारी २००६

प्रिय धाकट्या,

काल दुपारी गाडी चालली. ‘चालली’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. वर्कशॉपच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ती गेली, तिथे वळली आणि कोणीही न ढकलता परत आली. शेजारचा सुतार कुंपणावरून पाहत होता. म्हणाला, “मास्तर, ही गाडी आहे की चाकं लावलेला मासा?” मी त्याला म्हटले, बाबा रे, तू संपूर्ण सिद्धान्त एका वाक्यात मांडलास. सिद्धान्त ऐकायला मात्र तो थांबला नाही, म्हणून तो तुला ऐकवतो.

मोठ्या गाडीत एकटा माणूस बसून जातो, तेव्हा इंजिनाची ताकद त्या माणसाला नेण्यात फारशी खर्च होत नाही. गाडीला स्वतःचेच ओझे वाहावे लागते आणि समोरची हवा बाजूला सारावी लागते, त्यात ती जाते. वाऱ्याच्या दिवशी उघडी छत्री पुढे धरून चालून बघ, मग तीच मिटून चाल. फरक मनगटाला कळतो. माझी गाडी म्हणजे मिटलेली छत्री. दोन माणसे शेजारी न बसता एकामागे एक बसतात, त्यामुळे रुंदी निम्म्यावर येते. शेपूट निमुळते आहे, त्यामुळे मागे हवेचे भोवरे होत नाहीत. इंजिन शेतातल्या पंपाचे, एकाच सिलिंडरचे. एका लिटरमध्ये चाळीस किलोमीटर हे माझे गणित आहे, आणि गणिताने मला अजून तरी फसवलेले नाही.

ही गाडी मी तयार करून विकणार नाही. सुटे भाग तीन खोक्यांत भरून पाठवायचे, सोबत जोडणीची पुस्तिका द्यायची, आणि ज्याला पाना धरता येतो त्याने आपल्या शेडमध्ये ती उभी करायची, अशी योजना आहे. पहिला संच तुझा. यात बंधुप्रेम थोडे आणि पद्धत जास्त आहे. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला केवळ माझी पुस्तिका वाचून गाडी जोडता आली, तर ती कोणालाही येईल.

तुझी अट मान्य. नाकापासून शेपटीपर्यंत एक लाल रेघ, ती तूच ओढायचीस, मोकळ्या हाताने, चिकटपट्टी न लावता, ब्रश न उचलता. माझी उलट अट एवढीच, की रेघ सगळ्यात शेवटी. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर. रेघ ओढली की वस्तू पुरी झाली असे माणसाला वाटते आणि उरलेले बोल्ट तसेच राहतात.

नकाशे उन्हाळ्याआधी पाठवतो. फोन करू नकोस, फोनवर आकडे चुकतात. लिही.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी २००६

दादा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा कौतुकाने आणि एकदा समजून घ्यायला.

शेड रिकामी केली. जुन्या पाट्या, शिड्या, सुकलेले डबे, सगळं बाहेर काढलं. भिंतींना पांढरा हात दिला आणि जमिनीवर तीन खोक्यांची जागा खडूने आखली. माझी बायको, तुझी ‘धाकटी’, दारात उभी राहून म्हणाली, “लोक पाळण्यासाठी जागा करतात, तुम्ही खोक्यांसाठी करा.” बोलली खरी, पण काल तीच सीटच्या कव्हरांचं कापड घेऊन आली. सीटची मापं पाठव. शिवणकामात ती मापाच्या बाबतीत तुझ्याइतकीच हट्टी आहे, त्यामुळे अंदाजाने काही कळवू नकोस.

मी भिंतीवर सराव सुरू केला आहे. रोज सकाळी चहाच्या आधी एक रेघ, शेडच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पाटीखालची रेघ हातभर असते, तिच्यात श्वास रोखून निभावतं. एवढ्या लांब रेघेत श्वास कुठे सोडायचा तेही ठरवावं लागतं. चालत चालत ओढायची, पण पाय चालतात हे हाताला कळता कामा नये.

एक सांगतो. ही गाडी मला याच वर्षी हवी आहे. का ते विचारू नकोस. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पुढच्या वर्षाच्या भरवशावर राहू नये, एवढंच धर. थोडी कच्ची असली तरी चालेल. लहानपणी तू चित्र काढायचास आणि मी रंगवायचो. तुझं चित्र पुरं होईपर्यंत माझे रंग वाटीत वाळून जायचे. तेवढं या वेळी होऊ देऊ नकोस.

धाकटा


१९ जून २००६

प्रिय धाकट्या,

उशीर झाला आहे, आणि त्याचे कारण इतके मनोरंजक आहे की तू रागावणार नाहीस.

खड्ड्यावरून जाताना गाडीचे शेपूट डोलते, असे माझ्या लक्षात आले. थोडेच, पण डोलते. पहिल्यांदा मी मागच्या स्प्रिंगला दोष दिला. स्प्रिंग बदलली, डोलणे तसेच राहिले. मग मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवून पाहिली आणि उलगडा झाला. दोष वजनाच्या जागेत होता. मागचा माणूस चाकांच्या रेषेच्या किंचित मागे बसतो. मुलांच्या सी-सॉ झोक्याच्या एका टोकाला एखादे पोर काठाबाहेर सरकून बसले की दुसरे टोक कसे उगाच उचलले जाते, तसे हे आहे. उपाय असा, की मागची सीट पुढे घ्यायची. त्यासाठी पुढची सीट पुढे घ्यायची. आणि त्यासाठी सांगाड्याच्या पुढच्या नळ्या नव्याने वाकवायच्या. त्या नळ्या काढण्यासाठी मी चालती गाडी पूर्ण सुटी केली आहे. एका चुकीपासून दुसऱ्या चुकीचा माग काढत जाण्यात जे सुख आहे, ते मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावत आलो. कोणाला समजले की नाही, ठाऊक नाही.

धाकटीला सांग, सीटची जुनी मापे रद्द. नवी मापे सोबत आहेत.

अपुरे नकाशे तरी पाठव, असे तू म्हणशील. ते मला जमणार नाही. आमच्या ड्रॉइंग हॉलचा नियम तुला ठाऊक आहे. ज्या कागदावर मास्तरांची सही नाही तो कागद दाराबाहेर जात नाही. एकदा एका हुशार मुलाने बिनसहीचा कागद नेला आणि त्यावरून कोणीतरी जिना बांधला. त्या जिन्याची शेवटची पायरी कोणालाच सापडेना.

जाता जाता एक. तुझे अक्षर फार बारीक झाले आहे. पहिल्या ओळीत बरे असते आणि पान संपेपर्यंत मुंग्यांची रांग होते. भिंतीवर पुरुषभर अक्षरे काढणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. कागदाची काटकसर करतोस की घाईत लिहितोस? अक्षर मोठे काढ. सराव ठेव.

तुझा,
दादा


२ नोव्हेंबर २००६

दादा,

अक्षराचं म्हणशील तर पेन नवीन आहे, बारीक टोकाचं.

धाकटीने नव्या मापाची कव्हरं शिवली. त्यानंतर तुझी आणखी मापं आली. पहिली दोन्ही कव्हरं ती मला दाखवते आणि विचारते, “भाऊजींच्या गाडीत सीटं आहेत की पाहुणे? दर महिन्याला जागा बदलतात.” मी तुझी बाजू घेतो. पूर्वी जोरात घ्यायचो, आता नुसती मान हलवतो.

भिंती रंगवायचं काम मी बंद केलं. आता सगळे यंत्रावर छापून घेतात, शिडीवर चढणारा माणूस कोणाला हवा? दुकानांच्या छोट्या पाट्या येतात, त्या टेबलावर बसून करतो. त्याही कमी घेतो. रिकामा वेळ बराच आहे, म्हणून सांगतो, हीच वेळ होती गाडी जोडायची.

दादा, मला ते शेपूट डोलणारं चालेल. मागच्या सीटवर बसणार कोण, तर धाकटी, आणि तिचं म्हणणं आहे की लग्नापासून ती डोलतेच आहे. फाटकापासून टाकीपर्यंत जी गाडी गेली तिचे सुटे भाग आणि नकाशे पाठव. सही करू नकोस. खाली ‘चुकीचे आहेत’ असं लिहून पाठव. मी त्या चुकीसकट जोडतो.

भिंतीवरच्या रेघा चालू आहेत.

धाकटा


१५ मार्च २००७

भाऊजी,

हे पत्र मी शिवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि टाकायलाही मीच जाणार आहे. त्यांना माहीत नाही.

तुम्ही त्यांच्या अक्षराला नावं ठेवलीत. पेनाचा काही दोष नव्हता. त्यांना कंपवात आहे. तुम्ही गाडी टाकीपर्यंत नेलीत, त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्षर लहान होत जाणं हे त्याचंच लक्षण असतं. नंतर उजवा हात थरथरायला लागला. कप मी अर्धाच भरते. सदऱ्याची बटणं काढून मी हूक लावले आहेत आणि वरून बटणं नुसती शोभेला शिवली आहेत, म्हणजे दुकानदारांच्या लक्षात येत नाही. भिंतींचं काम यंत्रामुळे सुटलं नाही. शिडीवरून एकदा ब्रश पडला, मग डबा पडला, तेव्हा सुटलं.

शेडमध्ये येऊन ती भिंत बघा, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. खालच्या रेघा जुन्या आहेत, त्या सुईने ओढल्यासारख्या सरळ. जसजशी वर नजर जाईल तसतशा त्या हलायला लागतात. औषध घेतल्यावर सकाळी थोडा वेळ हात शांत असतो. तेवढ्यात ते रेघ ओढून घेतात.

तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. मी म्हटलं, सख्ख्या भावापासून कसलं लपवता? तर म्हणाले, “दादाला कळलं तर तो गाडी माझ्यासाठी बदलायला घेईल, आणि मग ती यायचीच नाही.” मी हसले होते तेव्हा.

तुमच्याकडे एवढंच मागते. काही बदलू नका. जी चालली होती तीच गाडी, जशी होती तशी, खोक्यात भरून पाठवा. जोडायला मी मदत करीन, मला पाना धरता येतो. रेघ त्यांची त्यांना ओढू दे, अजून ओढता येते आहे. आणि मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

धाकटी


१० एप्रिल २००७

प्रिय धाकट्या,

एक आनंदाची गोष्ट कळवतो. गेले काही दिवस मी जेवणाचेही भान न ठेवता काम करतो आहे. गाडीत मी एक छोटी सुधारणा करायचे ठरवले आहे, अगदी सर्वसाधारण सोयीसाठी. कोणा एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून नव्हे.

पाहा, गाडी चालवणारा तीन गोष्टी पायांनी करतो, आणि त्या तिन्हींना नेमका जोर आणि नेमकी वेळ लागते. ही सगळी कामे सुकाणूच्या चाकाजवळच्या दोन दांड्यांवर आणली तर? आणि दांड्या अशा, की हात थोडा इकडेतिकडे झाला तरी गाडीला ते कळू नये? यासाठी मी तेलात बुडालेल्या एका दट्ट्याची योजना केली आहे. दार आपोआप बंद करणारा जो लोखंडी हात असतो, तो दार कितीही जोरात ढकलले तरी ते हळूच मिटवतो. अगदी तसेच. हाताचा धक्का तेलात जिरतो, पुढे जाते ती फक्त इच्छा. हे सुचले तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एकटाच मोठ्याने हसलो.

यासाठी पुढचा भाग थोडा रुंद करावा लागेल, म्हणजे साचा नवा. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला सर्व हाती येईल असे दिसते. जुन्या रूपातली गाडी पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तिच्या नळ्या मी नव्या सांगाड्यात वापरल्या आहेत.

प्रकृतीला जप. धाकटीला कळव, की सीटची मापे पुन्हा बदलतील.

तुझा,
दादा


२२ एप्रिल २००७

दादा,

तिने तुला लिहिलं. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती शिवण सोडून बाहेर गेली.

हे पत्र लिहायला मला चार सकाळी लागल्या. वाचता येत नसेल तर भिंग घे.

तू जेवत नाहीस, काम करतोस, मोठ्याने हसतोस. मला सगळं दिसतं. तुझ्या मनात वाईट नाही हेच अवघड आहे. वाईट असतं तर भांडलो असतो.

माझ्यासाठी केलेली गाडी मला नको होती. मला तुझी गाडी हवी होती. ती मी जोडणार होतो, आणि नंतर हात गेले असते तरी ती माझ्या हातची राहिली असती. मी चालवली असती की धाकटीने चालवली असती, त्याने काय फरक पडणार होता? तू ती चालवण्यासाठी सोपी करत बसलास. मला ती ओढायची होती, रेघ.

चालती गाडी होती, दादा. फाटकापासून टाकीपर्यंत. तू तिच्या नळ्या वाकवल्यास.

धाकटा


६ सप्टेंबर २००८

प्रिय धाकट्या,

तुझ्या पत्राला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा वस्तूने द्यावे असे मी ठरवले होते, म्हणून इतका काळ लिहिले नाही. आज ती वस्तू रवाना केली आहे.

आधी खरी परिस्थिती. सांगाडा तयार आहे, जोडकाम तपासायचे आहे. तेलाचा दट्ट्या थंडीत घट्ट होतो, त्यावर विचार चालू आहे. संचासाठी ज्यांनी ज्यांनी नावे नोंदवली होती ते आता चौकशी करत नाहीत. सुतार हल्ली कुंपणावरून विचारतो, “मास्तर, माशाला पाय फुटले का?” मी आत निघून जातो.

पण बाजूचे पॅनेल पूर्ण झाले आहे, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, ज्यावर तुझी रेघ यायची तेच. खोक्यात ते आहे. त्याच्या पाठीमागे पाहा, माझी सही आहे. या गाडीतला सही झालेला हा पहिला भाग. यात मी काहीही बदलणार नाही.

सोबत एक साधन आहे, त्याचे थोडे स्पष्टीकरण करतो. ॲल्युमिनियमचा जो लांब दांडा आहे तो पॅनेलला समांतर बसवायचा. त्यावर दोन बारीक चाकांचा गाडा धावतो आणि गाड्याच्या चिमट्यात ब्रश बसतो. हात गाड्याला धरायचा. हात वरखाली झाला तरी चाके रूळ सोडत नाहीत, म्हणून ब्रश हलत नाही. मी मुद्दाम हात झटकून दहा वेळा पाहिले. रेघ दरवेळी सरळ आली. इतकी सरळ, की पट्टी लावली तरी खोट सापडणार नाही.

माझी जुनी अट मी मागे घेतो. रेघ आधी ओढून घे. गाडी मागून येते आहे.

तुझा,
दादा


१२ ऑक्टोबर २००८

भाऊजी,

आता ते लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. या वेळी त्यांना माहीत आहे.

खोकं आलं. हमालांनी विचारलं कुठे ठेवू, तर यांनी खडूच्या चौकोनाकडे बोट केलं. पुसट झाला होता, पण होता. खिळे स्वतः काढायचे म्हणून हटून बसले. मी पकड द्यायची आणि लांब उभं राहायचं. पॅनेल बाहेर आलं तेव्हा त्यावरून पंजा फिरवत राहिले. म्हणाले, “काय सुरेख निघालंय साच्यातून. दादाचं काम आहे.” मग मी पाठीमागची सही दाखवली. “अखेर सही झाली,” म्हणाले, आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तुमचं पत्र सगळं वाचून दाखवलं. दांड्याची माहिती दोनदा वाचायला लावली. गाडा इकडून तिकडे सरकवून पाहिला. म्हणाले, “म्हणजे रेघ दादा ओढणार. मी नुसता धरून चालायचं.” दांडा आता शिवणाच्या खोलीत खिडकीला आहे. पडद्याला छान बसला. तीन जोड कव्हरं शिवली होती, त्यांतल्या एकात कापूस भरून त्यांच्या खुर्चीला उशी केली. तुमचं काहीच वाया गेलं नाही, हे कळावं म्हणून सांगते.

त्यानंतर रोज सकाळी औषध घेतलं की शेडचं दार लावून घ्यायचे. आतून रंगाचा वास यायचा. मला वाटलं, रेघ. डावा हात उजव्याच्या मनगटाला धरून काम करत होते, ते नंतर कळलं, मनगटावर बोटांचे वळ होते. एका सकाळी हाक मारली.

पॅनेलवर अक्षरं होती. हातभर उंचीची, लाल. ‘शेड भाड्याने देणे आहे.’

कडा कुरतडल्यासारख्या आल्या आहेत, पण रस्त्यापलीकडून वाचता येतात. मी आणि शेजारीण, दोघींनी मिळून ती पाटी फाटकाला लावली. परवा एक जण चौकशीला आला. त्याला कोंबड्यांचं खाद्य साठवायचं आहे. जागा पाहिली, भिंत पाहिली, भिंतीवर एवढ्या रेघा कसल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, रंग देऊन घेऊ. मग बाहेर पडताना तो पाटीवर टकटक करून यांना म्हणाला, “काका, ही पाटी अशी पोटातून फुगलेली का हो?”

“हवा बाजूला सारायला,” हे म्हणाले.

त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

तुम्हाला माहीतच आहे, यांच्या प्रत्येक पाटीच्या खाली रेघ असायची. तीच यांची सही. या पाटीखाली नाही. मी म्हटलं, “रेघ राहिली.” तर म्हणाले, “रेघ सगळ्यात शेवटी. दादाची अट आहे.”

मी म्हटलं, “ती तर त्यांनी मागे घेतली.”

म्हणाले, “त्याने घेतली. मी नाही.”

धाकटी